बिनधक्क्याची वरात

भिकाजी पेडणेकर एकतीस वर्षं बस डेपोत गिअरबॉक्सचा फिटर होता. या एकतीस वर्षांत त्याने बंद केलेला एकही डबा पुन्हा उघडावा लागला नाही. ही गोष्ट तो स्वतःच सांगायचा. डेपोतले लोक ती नाकारत नसत, कारण नाकारली तर तो पुराव्यासकट पहिल्यापासून सांगायला घेई.

निवृत्त झाल्यावर त्याने जोगेश्वरीला, गुंफांकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एक पत्र्याची शेड धरली. वर पाटी नाही. आत एक टेबल, त्यावर पकडीचा व्हाइस, छताच्या लोखंडी तुळईला टांगलेला, वजन उचलायचा चेनब्लॉक आणि एक स्टूल. भिकाजी काम करताना बसत नसे आणि दुसऱ्या कुणी येऊन बसावं असंही त्याला वाटत नसे. तरी त्या स्टुलावर रोज सकाळी दहाला अण्णा टिपणीस येऊन बसत. अण्णा एका विमा कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, भिकाजीच्याच चाळीत वरच्या मजल्यावर राहणारे. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, खिशात तपकिरीची डबी. आयुष्यात त्यांनी टाकापेक्षा जड काही उचललं नव्हतं आणि त्याची त्यांना खंतही नव्हती.

भिकाजीची पद्धत ठरलेली. वस्तू उघडायची, धुवायची, बंद करायची. मग पुन्हा उघडायची, आपण नीट बंद केली होती का ते बघायला. दुसऱ्यांदा बंद केली की काम झालं. घरातला पंखा, शिलाई मशीन, कुकरची शिटी, सगळं या वाटेने गेलेलं. "लग्नानंतर चौथ्या दिवशी माझ्या ट्रंकेच्या बिजागऱ्या काढून बसले होते," त्याची बायको पुतळाबाई सांगायची. "माहेरचं माणूस भेटायला आलं, त्याला वाटलं हा माझ्या साड्या मोजतोय."

चौऱ्याऐंशी सालच्या मार्चमध्ये अंजनाबाई शेडमध्ये आली. अंजनाबाई म्हणजे वेसाव्याची कोळीण. जोगेश्वरीच्या बाजारात ती मासळी घेऊन बसे आणि पुतळाबाई वीस वर्षं तिचं गिऱ्हाईक. पाटी दारात उतरवून तिने स्टुलावरच्या अण्णांकडे नुसतं पाहिलं. अण्णा उठले. अंजनाबाई बसली.

"पेडणेकर, गारीचा डबा तुमी दुरुस्त करताव ना?"

"कुठल्या गाडीचा?"

"माज्या."

अंजनाबाईची गाडी वेसाव्यात सगळ्यांना ठाऊक होती. तिच्या नवऱ्याने, हरेश्वरने, कुठल्याशा परदेशी कचेरीच्या लिलावात ती उचललेली. अमेरिकन, पांढरी, होडीएवढी लांब, आणि मागच्या दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखे उभे पंख. हरेश्वरने इंजिन बघितलं नव्हतं. त्याने पर बघितले आणि हात वर केला. पुढे हरेश्वर गेला, पण गाडी राहिली आणि कोळीवाड्यातल्या प्रत्येक नवरीची वरात तिच्यातून निघू लागली. कारण साधं होतं. या गाडीला क्लच नव्हता. गिअर आपले आपण पडायचे. ब्रेकवरचा पाय उचलला की गाडी बाजाच्या मागोमाग पावलापावलाने सरकायची, ना धक्का ना गचका. अंजनाबाईचा भाचा चंदू एरवी बर्फाचा टेम्पो चालवायचा. वरातीच्या दिवशी तो पांढरी टोपी घालून हिच्यावर बसायचा.

दोन वर्षांपूर्वी अंजनाबाईच्या थोरल्या मुलीची, लताची, वरात जुहूला निघाली. सात बंगल्याशी जळका वास आला, इंजिन नुसतं ओरडू लागलं आणि गाडी जागची हलेना. नवऱ्याकडच्या सहा जणांनी ती जुहूपर्यंत ढकलत नेली. तेव्हापासून बाजारात अंजनाबाई भाव धरून बसली की समोरची कोळीण म्हणे, "धक्का मारू का गं?" आणि सगळी ओळ हसे. गाडी ताडपत्रीखाली गेली. तिच्या मागच्या गादीवर मांजर व्यालं.

"आता धाकटीचं लगीन हाय," अंजनाबाई म्हणाली. "सगुणाचं. मे महिन्यान. दहिसरला दिली. तिचं म्हननं काय, बाबाच्याच गारीतनं जाईन. पन मधी जर कुनी धक्का मारला, तर थयंच उतरीन आनि माघारी येईन. आनि ती येईल, पेडणेकर. माजी पोर हाय."

"कोणी धक्का मारणार नाही," भिकाजी म्हणाला. "मी सांगतंय ना."

ती पाटी उचलून गेली. अण्णा पुन्हा स्टुलावर बसले.

"भिकाजी, आपोआप गिअर पडणारा डबा तू कधी उघडला आहेस?"

"नाही."

"बघितला आहेस?"

"अण्णा, डबा तो डबा. आत दातेच असणार ना? की काय भजी असतील?"

एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्याने न उघडलेल्या वस्तूबद्दल शब्द दिला होता. हे त्याच्या ध्यानात आलं ते घरी जेवताना. त्याने दोन घास कमी खाल्ले.

गाडी टेम्पोला दोर बांधून जोगेश्वरीत आणली. भिकाजीने डबा उतरवला आणि टेबलावर उघडला. आत दाते होते, पण त्यांना कुणी विचारत नव्हतं. पातळ चकत्यांच्या चळती होत्या, एकआड एक, एक लोखंडी, एक खरखरीत. दोन रुंद पट्टे होते, पिंपाला बांधावेत तसे. पुढे भोपळ्याएवढा एक बंद गोळा, इंजिनाचा जोर तेलातून पलीकडे पोचवणारा. आणि खाली ॲल्युमिनियमचा एक ठोकळा, त्यात मुंग्यांच्या वारुळासारख्या वाटाच वाटा. त्या वाटांतून तेल फिरायचं आणि कुठला गिअर कधी ते तेलच ठरवायचं. सगळा डबा जळक्या तेलाने काळा पडला होता. खरखरीत चकत्यांची खरखर गेलेली, हात लावला की कोळशासारखी भुकटी.

भिकाजी तासभर उभा राहून बघत होता.

"कळलं काही?" अण्णांनी विचारलं.

"मेला कसा ते कळलं. जगत कसा होता ते नाही."

चंदूला गाडीच्या मागच्या गादीखाली एक इंग्रजी पुस्तक सापडलं, त्याच डब्याचं. अर्ध्या पानांवर मांजराचं बाळंतपण झालेलं. ते वाचण्याचं काम अण्णांकडे आलं आणि स्टुलाला पहिल्यांदा काही अर्थ आला. अण्णा पुस्तक सरकारी ठराव वाचावा तसं वाचत. एकही शब्द गाळत नसत.

"इशारा," अण्णा वाचत. "सुटे भाग पुसण्यासाठी सूत सुटणारं कापड वापरू नये. एक धागादेखील तेलाची वाट अडवू शकतो."

भिकाजीने हातातला पुतळाबाईच्या जुन्या लुगड्याचा बोळा खाली टाकला. त्या दिवसापासून त्याने प्रत्येक भाग रॉकेलमध्ये धुतला आणि सायकलच्या पंपाने वारा मारून वाळवला. चारशेहून जास्त तुकडे. पंप मारून त्याचा उजवा दंड डाव्यापेक्षा जाड झाला, असं पुतळाबाईचं म्हणणं.

"पुढचा इशारा," अण्णांनी चिमूट नाकाशी नेत म्हटलं.

"थांबा! ती तपकीर बाहेर."

"पुस्तकात तपकिरीचा उल्लेख नाही."

"मी करतंय उल्लेख. त्या ठोकळ्यावर शिंकलात तर सगुणा दहिसरवरून चालत येईल."

मेलेला डबा त्याने तीनदा उघडला आणि तीनदा बंद केला. चौथ्यांदा डोळे मिटून केला. मग म्हणाला, "आता मिळवा दुसरा." त्या पट्ट्यांच्या आतलं पोलादी पिंप जळून निळं पडलं होतं आणि त्याला तडे गेले होते, म्हणून तो डबा परत वापरण्याजोगा नव्हता. चंदूने कुर्ल्याच्या भंगारात तसल्याच एका गाडीचा सांगाडा शोधला. झाडावर आपटलेली, पण डबा शाबूत. तो टेम्पोतून, बर्फाच्या लाद्यांमध्ये बसून, गारेगार होऊन जोगेश्वरीला आला.

हा दुसरा डबा उघडला तेव्हा चकत्या झिजलेल्या पण जळलेल्या नव्हत्या. पिंप गुळगुळीत. भिकाजी खूश झाला. म्हणजे त्याने पिंप दुसऱ्यांदा धुतलं. मग त्याने तो वारुळाचा ठोकळा उघडला. आत तेलाच्या वाटा उघडझाप करणाऱ्या बारक्या पोलादी गोळ्या होत्या, वाटाण्याएवढ्या. त्याने मोजल्या. पाच. मेलेल्या डब्यातून सहा निघाल्या होत्या.

"अण्णा, पुस्तकात गोळ्या किती?"

अण्णांनी पानं उलटली. "गोळ्यांचं पान एकोणऐंशी. इथे अठ्ठ्याहत्तरनंतर एकदम एक्याऐंशी आहे. मध्ये मांजर."

"मग सहा की पाच?"

"मी म्हणतो, ज्या गाडीला झाडावर आपटेपर्यंत पाच पुरल्या, त्या अर्थी पाच."

"कदाचित पाचच होत्या म्हणून ती झाडावर आपटली असेल."

अण्णांनी पुस्तक मिटलं. भिकाजी दोन दिवस त्या ठोकळ्यासमोर उभा होता. पुतळाबाईने जेवणाचा डबा आणला तो तसाच परत गेला. शेवटी त्याने ठोकळ्याच्या दोन भागांमधला पातळ पत्रा उचलला आणि उन्हात तिरका धरला. गोळी वर्षानुवर्षं एका जागी आपटली की पत्र्यावर बारीक वाटोळा डाग पडतो, दारावर कडी आपटून पडावा तसा. त्याने डाग मोजले. सहा. म्हणजे हा डबा कुणीतरी आधी उघडला होता, गोळी हरवली होती, आणि गप्प बसून बंद केला होता.

"हरामखोर," भिकाजी म्हणाला. त्या अज्ञात फिटरला त्याने पुढे महिनाभर माफ केलं नाही. मेलेल्या डब्यातली सहावी गोळी धुतली, वाळवली आणि डागावर ठेवली.

नव्या खरखरीत चकत्या आणि रबरी सील ऑपेरा हाऊसच्या बाजारातून आणले. चकत्या चढवण्याआधी तेलात भिजत घालायच्या, कोरड्या चढवल्या तर पहिल्याच फेरीला जळतात. पुस्तक म्हणत होतं किमान अर्धा तास. भिकाजीने अख्खा दिवस ठेवल्या, कारण अर्ध्या तासात फक्त पोहे भिजतात. पट्ट्यांचे स्क्रू पूर्ण आवळले आणि पुस्तकातल्या हिशेबाने अडीच फेरे मागे सोडले. मग सगळं खोलून परत एकदा केलं.

पण एवढ्याने भागत नव्हतं. जुना डबा म्हातारपणाने मेला नव्हता, उष्णतेने मेला होता. माणसाच्या पावलाने दोन-दोन तास सरकायचं म्हणजे तो भोपळा आत तेल घुसळत राहतो. ते तेल तापतं, आणि गाडी पळत नसल्यामुळे त्याला वारा लागत नाही. नवा डबा जसाच्या तसा चढवला तर तोही एखाददुसऱ्या वरातीत जाणार. भिकाजीने डब्याखालच्या तेलाच्या परातीला खालून दोन इंचांची पट्टी जोडून ती खोल केली, म्हणजे तेल जास्त मावेल आणि उशिरा तापेल. तरी त्याचं समाधान होईना.

अंजनाबाई चौकशीला आली तेव्हा तो परातीकडे बघत उभा होता. तिने अडचण ऐकून घेतली.

"तेल गरम होतं, येवरंच ना?"

"एवढंच."

"मासली गरम झायली तर आमी काय करताव?"

भिकाजीने तिच्याकडे पाहिलं.

"बर्फान घालताव," ती म्हणाली आणि पाटी उचलून निघून गेली.

या सूचनेचा त्याला फार राग आला. दोन दिवस त्याने तिच्यात खोट शोधली. सापडली नाही, तेव्हा त्याने तांब्याची नळी वळून तिचं वेटोळं केलं. कोळ्यांची बर्फाची पेटी मागवली, लाकडी, आतून पत्र्याची. ती डिकीत बसवून वेटोळं तिच्या तळाशी ठेवलं. तापलेलं तेल डब्यातून निघून मागे पेटीत जाणार, बर्फात गोल फिरून परत येणार. वितळलेलं पाणी सोडायला खाली बूच. डिकी एवढी मोठी होती की पेटी ठेवूनही एखादं लहान कुटुंब राहिलं असतं.

डबा चढवायला तीन दिवस लागले. आधी भोपळा डब्यावर बसवायचा. तो फिरवत फिरवत आत ढकलला की एकामागून एक तीन खाचा बसतात आणि तीनदा ठक आवाज येतो. दोन ठकांवर काम थांबवून डबा इंजिनाला आवळला, तर आतला पंप फुटतो. भिकाजीला पहिल्या दिवशी दोन ठक ऐकू आले.

"मला तीन ऐकू आले," अण्णा म्हणाले.

"तिसरा तुमच्या डबीचा."

दुसऱ्या दिवशीही दोन. चंदू म्हणाला, "मामा, झकास बसलाय, लाव ना यार, तारीख जवळ आली." भिकाजीने पट्टी लावून मापलं. अर्धा इंच कमी. त्याने भोपळा पूर्ण काढला, धुतला आणि घरी गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला तिसरा ठक आला. अण्णा उभे राहिले. भिकाजीने मापलं, परत मापलं आणि मग पहिल्यांदा त्या स्टुलावर बसला.

परीक्षा आरे कॉलनीत झाली. तिथले रस्ते मोकळे, झाडांतून चढउताराचे. पण बाजाच्या चालीने चालवायची तर पुढे बाजा हवा. भिकाजीने तबेल्याकडे परतणाऱ्या म्हशींमागे गाडी लावली. अडीच तास ती पांढरी अमेरिकन गाडी एकेचाळीस म्हशींच्या मागून सरकत होती. चंदू चाकावर, अण्णा मागच्या गादीवर नवरीच्या जागी, भिकाजी मागे चालत. दर पंधरा मिनिटांनी तो वाकून बंपरखालून गेलेल्या परतीच्या नळीला हात लावी आणि मोजी. नळी पंधरा आकडे हातात धरवली तर तेल थंड. पाचाच्या आत सोडावी लागली तर संकट. सगळा वेळ पंधरा पुरे झाले. एका म्हशीने मागे वळून गाडीचा दिवा चाटला.

लग्नाच्या सकाळी भिकाजी वेसाव्याला जाऊन स्वतःच्या हाताने पेटीत बर्फ भरून आला. अख्ख्या चार लाद्या, भुसा धुऊन. झाकण लावलं, डिकी बंद केली, चावी अंजनाबाईच्या हातात दिली. मग त्याने त्या दिवसातली एकमेव चूक केली. तो आंघोळीला घरी गेला. पुतळाबाईने सांगितलं होतं की लग्नात रॉकेलचा वास घेऊन येणार असाल तर मी येणार नाही.

वरात चार वाजता निघाली. पुढे बाजा, मागे गाडी, गाडीत सगुणा आणि नवरा, दोन्ही बाजूंना हिरव्या-लाल लुगड्यांतल्या कोळणी. चंदूची पांढरी टोपी. गाडी अशी सरकत होती की सात बंगल्याशी बघायला मुद्दाम थांबलेल्या लोकांची निराशा झाली. भिकाजी कोट घालून मागून चालत होता. नळी पंधरा आकडे धरवत होती. सात बंगले मागे पडले तेव्हा अंजनाबाई गर्दीतून त्याच्याजवळ आली आणि त्याच्या कोटाच्या खिशात एक पेढा कोंबून गेली.

पुढे बाकी सगळे बसमध्ये बसले, भिकाजी आणि अण्णा चंदूशेजारी, आणि गाडी महामार्गाने सुसाट दहिसरला गेली. गिअर आपले आपण पडत होते, लोण्यातून सुरी जावी तसे. अण्णा भिकाजीला म्हणाले, "तू हसतो आहेस." भिकाजी म्हणाला, "ऊन लागतंय."

दहिसर गावात शिरल्यावर परत बाजा, परत पावलापावलाने, परत भिकाजी मागून चालत. नवऱ्याचं घर नदीच्या अंगाला, अजून पाऊण मैल. नवऱ्याचा बाप अनंत पुढे नाचत होता. अर्ध्या वाटेवर भिकाजीने नळीला हात लावला आणि मोजायला सुरुवात केली. तीनवर हात सुटला. त्याच वेळी इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी मात्र तेवढीच सरकली. मग तेवढीही नाही.

तो पुढे धावला. "चंदू, न्यूट्रल! इंजिन चालू ठेव, बंद करू नको."

"वाट लागली काय मामा?"

"तोंड बंद. हस."

मग तो अंजनाबाईपाशी गेला. "बाय, डिकीची चावी."

"कशाला?" तिचा चेहरा बदलला. "घरी गेल्यावर उघडू की."

"चावी!"

तिने पदराची गाठ सोडली. भिकाजीने डिकी उघडली, पेटीचं झाकण उचललं. पाण्यातून वाफ आली. बर्फाचा खडादेखील नव्हता. त्या पाण्यात वेटोळ्यावर ढीगभर मोठी कोळंबी होती, आणि खाली पापलेटं. कोळंबी गुलाबी झाली होती.

"हे काय?"

"व्याह्यांचा आहेर," अंजनाबाई खालच्या आवाजात म्हणाली. बाजूला लोक होते म्हणून दोघंही हसत बोलत होती. "बर्फाची पेटी व्हती. भरलेली. मासली काय डोक्यावर नेऊ?"

"आणि माझा बर्फ?"

"दोन लाद्या काढल्या. जागा नको का व्हायला?"

"चारातल्या दोन!"

"मना काय ठाव तुमचं तेल येवरं खादाड हाय!"

"बाय, ही कोळंबी शिजली आहे."

अंजनाबाईने एक उचलून दाबून पाहिली. "अर्धीकच्ची हाय," ती म्हणाली.

आत सगुणाने मागे वळून काचेतून आईकडे पाहिलं. तिचा एक हात दाराच्या कडीवर होता. पुढे अनंताच्या ध्यानात आलं होतं की गाडी थांबली आहे. चार तगडी पोरं बाह्या सारत मागे येऊ लागली. "काय झालं? धक्का पाहिजे काय?"

"हात लावू नका!" भिकाजी पर धरून आडवा उभा राहिला.

"पाणी," तो अंजनाबाईला म्हणाला. "गरम पाणी सोडतो, वरून गार ओतू. इंजिन चालू आहे, तेल फिरतंय. विहिरीचं पाणी, सात-आठ हंडे. पाव तासात हिंडायला लागेल. पण तोपर्यंत कोणी ढकलता कामा नये."

अंजनाबाईने एकदा सगुणाकडे बघितलं, एकदा पोरांकडे. मग कमरेला पदर खोचला आणि आख्ख्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अवो, पानी आना! सात हंडे! आमच्यान रीत हाय, नवरी गावान शिरली का गारीच्या पाठीला सात हंडे पानी घालतान!"

पोरं थांबली. अनंत थांबला. "अशी रीत?" तो म्हणाला. "आम्ही नाय ऐकली."

"तुमी वेसाव्याची पोर कवा केली व्हती का आधी?"

"नाय."

"मंग?"

अनंताने पोरांना हंडे आणायला पिटाळलं. मागे राहायला नको म्हणून त्याच्या बायकोनेच पहिला हंडा आणला. भिकाजीने वाकून बूच काढलं, गरम पाणी रस्त्यावर गेलं. अण्णांनी दोन्ही हात पुढे करून हंडा घेतला आणि पेटीत ओतला. दुसरा आला, तिसरा आला. वेसाव्याच्या कोळणींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांच्यातही कुणी ही रीत ऐकली नव्हती, पण कोळणीला सांगावं लागत नाही. त्यांनी फेर धरला आणि जागच्या जागी गाणं जुळवलं. बाजावाल्याने ते उचललं. अण्णा टिपणीस, निवृत्त हेडक्लार्क, लेंगा गुडघ्यापर्यंत भिजलेला, हंडे मोजत होते, आणि आठव्याला म्हणाले, "रीतीत नववा बसतो का?"

"बसतो," भिकाजी म्हणाला. "अकरापर्यंत बसतो."

बाराव्या हंड्यानंतर त्याने नळीला हात लावला. मोजलं. नऊ. थांबला. पुन्हा मोजलं. बारा. पंधरा होईपर्यंत तो थांबला, कारण पंधरा म्हणजे पंधरा. मग उठून म्हणाला, "चंदू, टाक गिअर. पाय उचल."

गाडी क्षणभर उभी राहिली. मग आतून एक हलकासा झटका आला आणि ती सरकली. आपली आपण. एका पोराने उत्साहाने डिकीवर दोन्ही हात टेकले होते. भिकाजीने ते उचलून बाजूला केले. सगुणाने कडीवरचा हात काढला आणि मांडीवर ठेवला. अंजनाबाई पुढे जाऊन नाचू लागली. साठीची बाई, कुणाला आवरेना.

आहेर दारातच स्वीकारला गेला. अनंताच्या बायकोने कोळंबी बघितली, वास घेतला आणि विचारलं, "ही अशी शिजवून आणायची पण रीत आहे का?" अंजनाबाई म्हणाली, "अर्धी. अर्धी तुमी शिजवायची." रात्रीच्या जेवणात ती होती. भिकाजीने खाल्ली नाही. त्याला तिच्यात गिअरबॉक्सच्या तेलाचा वास आला, जो दुसऱ्या कुणालाही आला नाही.

दुसऱ्या सोमवारी त्याने गाडी पुन्हा शेडमध्ये मागवली. डबा उघडला नाही. तेल काढून काचेच्या बरणीत घातलं आणि उन्हात धरलं. लाल होतं, स्वच्छ, जळकटपणाचा मागमूस नाही. मग त्याने पेटीच्या झाकणाला कुलूप बसवलं आणि चावी स्वतःच्या जानव्याला बांधली. अण्णा म्हणाले, "म्हणजे आता दर वरातीला तुला जावं लागणार." भिकाजी म्हणाला, "जाईन. आंघोळ करून जाईन."

पुढल्या वर्षी मे महिन्यात सगुणा माहेरी आली तेव्हा तिने सांगितलं. दहिसरला तिच्या दिराचं लग्न झालं. वरात साध्या टॅक्सीतून होती. गावात शिरताच बायकांनी टॅक्सी अडवली आणि डिकी उघडायला लावली. टॅक्सीवाला भय्या रस्त्यात बसून हात जोडत होता, माझं दुसरं चाक आहे आत, गादी आहे, अहो बाई काय करताय. कोणी ऐकलं नाही. सातच हंडे घातले.

"सात?" भिकाजीने विचारलं.

"सात. का?"

"काही नाही," भिकाजी म्हणाला. "बारा लागतात."